जुन्या प्युजो इंजिनाला टर्बो: कोणता ते ठरलं एकदाचं

टर्बो ठरला, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून त्याला जोडलेल्या कम्प्रेसरने इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र. बसला नाहीये अजून, पण खरं सांगायचं तर बसवण्यापेक्षा ठरवणंच जास्त डोकं खाणारं निघालं, म्हणून आधी तेवढंच लिहून टाकतो, मॅनिफोल्ड आणि पायपिंग पुढच्या भागात.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: गाडी महिंद्राची जुनी जीप, आत प्युजोचं एक्सडी३पी इंजिन, २४९८ सीसी, बोअर ९४, स्ट्रोक ९०, इनडायरेक्ट इंजेक्शन (डिझेल आधी छोट्या प्रीचेंबरमध्ये फवारलं जातं), डिझेलला बॉशचा रोटरी पंप. इंदूरच्या रिंग रोडवर तिची काही तक्रार नाही, पण मंडलेश्वरहून जाम गेट चढून महूकडे यायचं, गाडीत चार माणसं आणि टपावर सामान, की तिसऱ्यात पाय पूर्ण खाली आणि मागच्या गाडीवाल्याला रस्ता दिसेना इतका काळा धूर.

हा धूरच सगळं सांगतो खरं तर. डिझेलमध्ये पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो, हवा जेवढी सिलिंडरमध्ये मावते तेवढी दर फेरीला येतेच, आपण पाय दाबतो ते फक्त डिझेल वाढवायला. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा अपुरी. म्हणून नुसता टर्बो लावला आणि पंपाला हात नाही लावला तर ताकद फारशी वाढत नाही, धूर मात्र कमी होतो आणि एक्झॉस्टचं तापमान खाली येतं. ताकद हवी तर मग पंप उघडायचा, म्हणजे डिझेल वाढवायचं. "टर्बो लावला पण पिकअप काही वाढला नाही" असं म्हणणाऱ्यांचं निम्म्या वेळेला एवढंच असतं.

त्यात आपलं इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर. हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या मानाने पाच-सहा टक्के हवा इथेच कमी, वर मे महिन्यातला ४० डिग्रीचा उन्हाळा.

आता हिशोब, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी हा परिच्छेद सोडा पण मग दुकानात जाऊन "भिया, कोणता लावू" विचारू नका. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं, म्हणजे ४००० आरपीएमला २.४९८ गुणिले २०००, जवळजवळ ५००० लिटर मिनिटाला. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर खरोखर किती भरतो ते) ८५ टक्के धरली तर ४२५० लिटर, आणि इंदूरच्या ४० डिग्रीच्या हवेत त्याचं वजन साडेचार किलोच्या आत-बाहेर. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब, मी ०.६ बार धरला. प्रेशर रेशो (कम्प्रेसरच्या पलीकडचा दाब भागिले अलीकडचा) काढताना ०.६ म्हणजे १.६ असं लिहून मोकळे होतात लोक, ते समुद्रकिनाऱ्यावर ठीक आहे. इथे बाहेर ०.९५ बार, त्यातून एअर फिल्टर थोडं खातो, म्हणजे कम्प्रेसरच्या तोंडाशी ०.९२ धरा, पलीकडे ०.९५ अधिक ०.६, म्हणजे १.५५ लागतात. भागा, १.६८ येतो. कम्प्रेसरच्या मॅपवर (किती दाबाला किती हवा देतो त्याचा आलेख) १.६ आणि १.६८ मधला फरक डोळ्याला दिसतो.

दाबली की हवा तापते. कम्प्रेसरची एफिशियन्सी ६८ टक्के धरली तर ४० डिग्रीची हवा बाहेर येताना ११० च्या वर जाते. त्यामुळे दाब ६३ टक्क्यांनी वाढूनही सिलिंडरमध्ये जाणारी हवा वजनाने फक्त ३२ टक्के वाढते. मध्ये इंटरकूलर टाकून ६० डिग्रीपर्यंत आणली तर हीच वाढ ५३ टक्के. हा आकडा बघितल्यावर इंटरकूलर लावायचा की नाही यावर माझ्या डोक्यात चाललेला वाद तिथेच संपला, जीपच्या ग्रिलमागे जागाही आहे. बूस्ट वाढवण्यापेक्षा हवा थंड करणं केव्हाही स्वस्त, आणि पिस्टनला सोसणारं.

०.६ च का? कारण हे इंजिन टर्बोसाठी बनलेलंच नाही. इनडायरेक्ट इंजेक्शनवाल्यांचं कम्प्रेशन आधीच वीसच्या वर असतं, थंडीत ग्लो प्लगवर सुरू व्हायला ते लागतंच, पण त्यावर आणखी बूस्ट चढवला की सिलिंडरमधला सर्वात जास्त दाब कुठल्या कुठे जातो, हेड गॅस्केट आणि प्रीचेंबरचं तोंड आधी बोलतं. प्युजोने स्वतः ह्याच घराण्यातल्या २३०४ सीसीला टर्बो लावून १९७९ मध्ये ६०४ गाडीत दिला होता, तेव्हा त्यातून घेतले ८० हॉर्सपॉवर. मोठी कंपनी एवढ्यावर थांबते आणि आपण जुन्या पिस्टनवर दीडशेची स्वप्नं बघतो.

आता मुख्य मुद्दा. सगळे टर्बो विचारताना लिटर विचारतात, "अडीच लिटरचं आहे, कोणता बसेल?" लिटर अर्धी गोष्ट आहे, दुसरी अर्धी आरपीएम. हवा म्हणजे लिटर गुणिले आरपीएम. आणि आरपीएम इंजिन किती मारू शकतं ते नाही, तुम्ही गाडी कुठे चालवता ते. मी आठवडाभर मुद्दाम टॅकोमीटरवर लक्ष ठेवलं. घाटात १८०० ते २५००, देवास रोडवर २८०० च्या आसपास, ३५०० च्या वर मी जातच नाही, तिथे ह्या इंजिनाचा आवाज ऐकवत नाही. १८०० ला हिशोब लावला तर बूस्टसकट हवा साधारण पावणेतीन किलो मिनिटाला, ४००० ला सहा, इंटरकूलरसकट सातच्या जवळ. कम्प्रेसर मॅप बहुतेक पाउंडात असतात, म्हणजे सहा पाउंडपासून पंधरा पाउंडपर्यंत. ह्या पट्ट्यात मला बूस्ट हवा, आणि त्यातही खालच्या टोकाला आधी.

हे कागदावर घेऊन कबाड्यांकडे गेलो. इंदूरला एक सोय आहे, पिथमपूर शेजारी, ट्रक आणि पिकअपची लाइन, त्यामुळे निघालेले टर्बो ढिगाने मिळतात. पहिला हातात दिला तो तीन लिटरच्या छोट्या ट्रकचा, आणि दुकानदाराचा शब्द ठरलेला, "बड़ा वाला लगाओ भिया, उड़ेगी गाड़ी." व्हर्नियर लावला, कम्प्रेसर व्हीलचं पुढचं तोंड ४४ मिमी, मागची कड ६०. ट्रिम म्हणजे त्या दोघांच्या भागाकाराचा वर्ग गुणिले १००, ५४ आला. व्हील वाईट नव्हतं, पण ६० मिमीचं चाक माझ्या इंजिनाच्या १८०० आरपीएमच्या एक्झॉस्टवर फिरणार कसं? २५०० पर्यंत गाडी आत्ता आहे तशीच, वर मागे एक अडथळा लावल्यासारखी, आणि बूस्ट यायला लागेल तेव्हा माझा घाट संपलेला. कागदावर मोठा टर्बो छान दिसतो, कारण कागदावर सगळे ४००० वरचाच आकडा वाचतात.

दुसरं टोक म्हणजे १२४८ सीसीच्या मल्टिजेट डिझेल इंजिनाचा. हे तर इतके पडलेत की किलोवर मिळतील. दीड हजारलाच बूस्ट देईल, पण ३००० च्या पुढे त्याच्या टर्बाइनमधून माझा एक्झॉस्ट जाणारच नाही नीट. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टपेक्षा बराच वर गेला की पिस्टनला धूर बाहेर ढकलायलाच ताकद लागते, आणि ती उष्णता सगळी हेडमध्ये. घाटापुरता चालेल, बायपासवर नाही.

नवीन चायनावाले पण बघितले. वर हॉर्सपॉवर छापलेली, मॅप मागितला तर गप्प. मॅप नाही तर घेणार नाही, विषय संपला. व्हीजीटी (टर्बाइनभोवती हलत्या व्हेन, म्हणजे पाती असलेला टर्बो) दिसायला मोहात पाडतो, पण त्याच्या व्हेन सांभाळायला कंट्रोलर नाहीतर व्हॅक्यूमचं गणित हवं, आणि माझ्या इंजिनाच्या काजळीत त्या व्हेन अडकायला वेळ लागणार नाही. साधा वेस्टगेटवालाच (जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप असलेला) बरा.

शेवटी ठरला तो बोलेरो डीआयचा. ऐकायला काही खास नाही, मला माहितीये, एकाने तर तोंडावर हसून घेतलं. पण बघा, ते इंजिन २५२३ सीसी, म्हणजे माझ्याएवढंच, आणि पूर्ण ताकद ३२०० आरपीएमला. ४००० ला मी त्याच्यापेक्षा २४ टक्के जास्त हवा मागेन, तिथे हा टर्बो धापा टाकेल, मान्य, पण तिथे मी जातो कुठे? माझ्या १८०० ते ३००० मध्ये तो अगदी घरात आहे. शिवाय कोर, गॅस्केट, वेस्टगेटचा ॲक्च्युएटर सगळं खरगोनच्या दुकानात पण मिळेल.

निघालेला टर्बो घेताना शाफ्ट बोटांनी धरून बघा. वर-खाली किंचित हलतो, ते चालतं, तेल असलं की तो तेलावर तरंगतो, फक्त हलवताना ब्लेड घराला टेकता कामा नये. पण पुढे-मागे ओढून बघा, तिथे हाताला हालचाल जाणवली तर ठेवून द्या, थ्रस्ट बेअरिंग गेलंय. मी घेतलेल्यात पुढे-मागे काहीच नाही, कम्प्रेसरच्या ब्लेडच्या कडा बोट फिरवून बघितल्या, एकही चिरलेली नाही, टर्बाइनच्या बाजूला कोरडी राखाडी काजळी. तिथे ओलं काळं तेल असतं तर किंमत निम्मी केली तरी घेतला नसता.

एक काम मात्र टर्बोच्या आधीच करून घेतलं आणि सगळ्यांना तेच सांगेन, पायरोमीटर, एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा. के टाइप थर्मोकपल एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बाइन येईल त्याच्या आधी. टर्बो नसतानाच जाम घाटात काटा ६४० डिग्रीपर्यंत गेला. म्हणजे "टर्बो लावला की इंजिन जळतं" म्हणणाऱ्यांना हे दाखवायला हवं, माझं बिनटर्बोचंच जवळजवळ तिथे पोचलंय, हवा कमी म्हणून. मी स्वतःसाठी सतत चढणीला ७०० ची रेघ मारलीये, पंप कितीही उघडला तरी काटा तिच्या खाली राहिला पाहिजे.

पंपाबद्दल थोडक्यात. माझ्या बॉशच्या पंपावर (व्हीई म्हणतात त्याला) बूस्टचा डायफ्रॅम नाही, टर्बोवाल्या पंपांवर असतो, बूस्ट येईल तसं डिझेल वाढवणारा. नुसता फुल लोड स्क्रू (जास्तीत जास्त डिझेल किती ते ठरवणारा) फिरवला तर बूस्ट येण्याआधीच डिझेल वाढतं आणि सिग्नलवरून निघताना धुराचा ढग. पंपवाला तो वरचा भाग शोधतोय, मिळेपर्यंत स्क्रू पाव फेरीच्या पुढे नाही.

कायद्याचं विचारणारे असतीलच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायला आडवं येतं, रस्त्यावर चालवायची तर आरटीओत आधी विचारून घ्या, मी तेच करतोय आणि कागद मिळेपर्यंत मित्राच्या शेतातच चाचण्या.

लेथवाला रंगपंचमीची गेर (रंगाची मिरवणूक) होईपर्यंत दुकान उघडणार नाही, इंदूरात होळी तेव्हाच संपते. तोवर तेलाच्या परतीच्या नळीचा विचार चाललाय. वरून येणारं तेल दाबाने येतं, त्याला बारीक नळी पुरते, पण खाली जाणारं फक्त उतारावर जातं, फेसाळलेलं, म्हणून ही नळी जाड आणि होता होईल तेवढी सरळ उभी हवी, आणि सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी, नाहीतर तेल टर्बोतच तुंबून सीलमधून बाहेर येतं. एक्सडी३पीच्या सम्पला डाव्या बाजूने भोक पाडून बंग (नळी जोडायचा तुकडा) वेल्ड केलेला कोणाकडे असेल तर फोटो टाका, कारण माझ्याकडे तिथेच इंजिन माउंट मध्ये येतंय.