साडेचार फुटांवर टेप

रविवारी मागच्या अंगणात मी मेपलच्या खोडाला शिवणकामाची टेप गुंडाळत होतो. व्हिडिओ कॉलवरून आई म्हणाली, "काय रे, बायकोसाठी वटपौर्णिमा करतोयस की काय?"

सिएटलमध्ये घर घेतलं की हे माप माहीत असलेलं बरं. जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर मोजायचा आणि त्यावरून खोडाची जाडी काढायची. झाडाचं नशीब त्या आकड्यावर. शहरावरचं झाडांचं छत्र २०१६ मध्ये २८.६ टक्के होतं, ते २०२१ मध्ये २८.१ वर आलं. अर्धाच टक्का, पण तो २५५ एकर भरतो! २०३७ पर्यंत ३० टक्के गाठायचे होते आणि गाडी उलटीच निघालेली. म्हणून ३० जुलै २०२३ पासून नवे नियम आले. मोठ्या झाडाची मर्यादा बऱ्याच जातींसाठी ३० इंच होती, ती २४ वर आणली. बांधकाम करायचं नसेल तर १२ इंचांपुढचं झाड धोकादायक ठरल्याशिवाय तोडता येत नाही.

बिल्डरला मात्र वाट ठेवलीय. बांधकामाच्या आड येणारं झाड तोडायची परवानगी मिळू शकते. बदल्यात वाढल्यावर निदान तेवढीच सावली धरतील अशी झाडं लावायची, नाहीतर पैसे भरायचे. कायदा झाला तेव्हा मोठ्या झाडाचा दर खोडाच्या आडव्या छेदाच्या प्रत्येक चौरस इंचाला १७.८७ डॉलर होता. २४ इंचांच्या खोडाचे झाले आठ हजारांच्या आसपास. इथल्या घरांच्या किमती बघता ही रक्कम बाथरूमच्या फरशांत खपून जाईल.

नियम लागू व्हायच्या तोंडावरच शहराच्या वेजवूड भागात 'लूमा' नावाचा एक जुना, दुहेरी खोडाचा सीडर वृक्ष तुटायचा होता. परवानगी जुन्या नियमांतली, सगळं कायदेशीर. आंदोलक थेट झाडावर चढून बसले. स्नोक्वाल्मी या मूळनिवासी जमातीने सांगितलं, हे आमच्या पूर्वजांनी हाताळलेलं झाड आहे. शेवटी आराखडा बदलला आणि 'लूमा' वाचला. कायद्याने नव्हे, चढलेल्या माणसांनी.

आईला सांगितलं, आपल्याकडे महाराष्ट्रात झाडांच्या कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीत खोडाऐवजी वय धरलंय. पन्नास वर्षांचं झाड तोडलं तर पन्नास लावायची.

"पुण्यात? कुठे, गच्चीवर?"

आमच्या मेपलचा घेर भरला ३६ इंच, म्हणजे जाडी साडेअकराला जरा कमी. सहा ते बारा इंचांची झाडं तीन वर्षांत दोन तोडता येतात. शेजारचे आजोबा कुंपणावरून डोकावून म्हणाले, काढायचं असेल तर आत्ताच काढा, बारा ओलांडलं की अडकलात. नियम झाडं वाचवायला केलेला आणि सल्ला हा!

टेप गुंडाळून ठेवली. मुलीचा झोका त्याच झाडाच्या फांदीला आहे.