तुम्ही विचारलंत म्हणून: ‘32 हवा’ म्हणजे 32 काय?

पंपावर आपण ‘चारही चाकांत 32’ सांगून मोकळे होतो. पण हे 32 किलो की लिटर, असं नवीन गाडी घेतलेले लोक मला हमखास विचारतात. ते 32 पीएसआय असतं: एका चौरस इंचावर किती पौंडांचा जोर पडतो, ते माप. आपल्या हिशेबात एक पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 70 ग्रॅम. 32 म्हणजे सव्वादोन किलो. हवा किती मावली याच्याशी त्याचा संबंध नाही, ती आतून किती जोरात ढकलते याच्याशी आहे.

हा सव्वादोन किलोचा आकडा वापरून बघा. गाडी हजार किलोची असेल तर एका चाकावर अडीचशे किलो. 250 भागिले 2.25, म्हणजे 111 चौरस सेंटिमीटर. टायरचा स्वतःचा ताठरपणा सोडला तर जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. हवा 24 वर उतरली की तेवढंच वजन पेलायला जवळपास 148 चौरस सेंटिमीटर लागतात, आणि ते टायर दबूनच मिळतात. दबलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, तापते, कडा आधी झिजतात. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर भर उन्हात सलग वेगाने जाताना ही उष्णताच टायर फोडते. हवा फार जास्त असेल तर उलट मधला पट्टा झिजतो आणि ब्रेक लावताना पकड कमी मिळते.

किती भरायची, हे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. माणसं आणि सामान भरलं असेल तर वेगळा आकडाही तिथेच सापडतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नाही.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी तीन तास उभी असावी, किंवा दोनेक किलोमीटरच चाललेली असावी. तापमान 10 अंशांनी वाढलं की दाब दीडेक पीएसआयने वाढतो, त्यामुळे हायवेवरून आल्यावर 36 दिसलं तर घाबरून हवा काढू नका. सकाळी तोच टायर कमी हवेचा निघेल.

गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून आकडा देतं, हेही लक्षात असू द्या. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब 14.7 पीएसआय, महाबळेश्वरला त्याहून दोनेकने कमी. मुंबईत 32 भरलेला टायर तितकाच गरम असेल तर तिथे 34 दाखवेल. वर गारवा असेल तर हा फरक बराचसा भरून निघतो.

घरच्या इन्फ्लेटरवर मात्र आधी एकक बघा. 32 पीएसआय म्हणजे 2.2 बार किंवा 220 किलोपास्कल. बारवर सेट असताना 32 गाठायला निघालात तर मशीन थांबणारच नाही. नळी काढल्यावर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा; बुडबुडे आले तर आतली पिन घट्ट करून घ्या, आणि टोपण लावाच, नाहीतर धूळ आत बसते.

स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर तिला बहुधा 60 लागतात. तिच्यावरच लिहिलेलं असतं.