सुटले किती, सोडले किती

११ ऑगस्ट २०२४, रविवार

केमिस्ट्रीचं टाइमटेबल केलं. चौथ्यांदा. या वेळी हिरव्या स्केचपेनने फिजिकल, गुलाबीने ऑरगॅनिक, निळ्याने इनऑरगॅनिक. रोजचे दहा तास, भिंतीवर चिकटवलं, फोटो काढला. धाकटा येऊन वाचून गेला आणि आईला ओरडून म्हणाला, "ताई जॅमची परीक्षा देतीय, ब्रेडची पण असते का बघ." गेल्या महिन्याभरात हा विनोद मी सहाव्यांदा ऐकला असेल.

त्याला तरी काय बोलणार, जूनपर्यंत मलाही माहीत नव्हतं. आमच्याकडे आयआयटी म्हणजे बारावीनंतरची गोष्ट. ती गाडी गेली की गेली. केमिस्ट्रीच्या सरांनी प्रॅक्टिकलला ब्युरेट धुता धुता सहज म्हटलं, "बीएस्सीनंतर एमएस्सीलाही आयआयटीत घेतात, जॅम दे की." मी घरी येऊन शोधलं. सात विषय, त्यातला आपला केमिस्ट्री. पवईच्या आयआयटीत एमएस्सी करता येते आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीलाही इंटिग्रेटेड पीएचडीसाठी हेच गुण चालतात. सर त्या दिवशी रजेवर असते तर? हा विचार आला की पोटात खड्डा पडतो.

रात्री अण्णा आडतीवरून आले. भिंतीकडे बघून म्हणाले, "दहा तास? त्यात सुटली किती गणितं?" मी म्हटलं, अजून नोट्स काढतीय. "बरं," म्हणाले आणि जेवायला बसले. मला रागच आला. नोट्स काढणं म्हणजे अभ्यास नाही का?

१८ ऑगस्ट, रविवार

२०१९ची अख्खी प्रश्नपत्रिका तीन तासांत, मोबाइलवर घड्याळ लावून सोडवली. जुन्या प्रश्नपत्रिका जॅमच्याच साइटवर फुकट आहेत, उत्तरांसकट. मी त्या शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवल्या होत्या, लोणच्याच्या बरणीसारख्या. आज अण्णांच्या "सुटली किती" या प्रश्नाला चिडून एक काढली.

पेपर असा असतो. साठ प्रश्न, शंभर गुण. पहिल्या भागात चार पर्यायांचे तीस प्रश्न, दहा एका गुणाचे आणि वीस दोन गुणांचे. चुकलं की एक तृतीयांश कापतात. दुसऱ्या भागात दहा प्रश्न, त्यात एक किंवा जास्त पर्याय बरोबर, सगळे बरोबर ओळखले तरच दोन गुण, नाहीतर शून्य. तिसऱ्यात वीस प्रश्न, पर्यायच नाहीत, आकडा काढून टाइप करायचा.

मी पहिल्या भागातले तीसच्या तीस सोडवले. एका गुणाचे पाच बरोबर, पाच चूक. दोन गुणांचे सात बरोबर, तेरा चूक. मिळाले १९, कापले गेले १०.३३. राहिले ८.६७. दुसऱ्या भागात एकच जमला. आकड्यांच्या भागात आठ गुण. एकूण १८.६७.

आईला सांगितलं नाही. अण्णांना सांगावं लागलं, कारण ते वही बघतच होते. अण्णा तेवीस वर्षं मार्केट यार्डात दिवाणजी आहेत, आकडे उलटे धरले तरी वाचतात. बराच वेळ बघून म्हणाले, "म्हणजे एकोणीसचा माल आणून दहाची घट?"

हसावं की रडावं कळेना.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. अभ्यास नाही. एकवीस मोदकांपैकी चार फुटले, तेच मी खाल्ले.

२२ सप्टेंबर, रविवार

आज केमिस्ट्री अजिबात केली नाही, तरी या महिन्यातला सगळ्यात कामाचा दिवस.

घटीचा हिशोब मांडला. दोन गुणांच्या प्रश्नात चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना डोळे मिटून टिक केली तर? चारात एकदा बरोबर, दोन मिळाले. तीनदा चूक, दोन तृतीयांश गुणिले तीन, दोन गेले. हाती शून्य. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनी एक तृतीयांश हा आकडा उगाच घेतलेला नाही, तुक्क्याचा नफा बरोबर शून्यावर आणून ठेवलाय. पण एक पर्याय खात्रीने खोडता आला तर? तिनात एकदा दोन मिळणार, दोनदा मिळून १.३३ जाणार. तीन प्रश्नांमागे ०.६७ शिल्लक. दोन पर्याय खोडता आले तर दोन प्रश्नांमागे १.३३ शिल्लक. म्हणजे "येत नसेल तर सोडून दे" हा सगळ्यांचा सल्ला अर्धाच खरा. एकही पर्याय खोडता येत नसेल तर सोडायचं, एक जरी खोडला तरी लावायचं.

पुढची गोष्ट तर समोरच होती आणि मला दिसली नव्हती. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाला वजाबाकीच नाही. वीस आणि तीस, पन्नास गुण. अर्ध्या पेपरात चुकीची शिक्षा नाही, आणि मी त्याच अर्ध्यात कोऱ्या जागा ठेवून आले होते! तीस गुणांच्या आकडेवाल्या भागात माझे आठ. आम्हाला आयुष्यभर पर्याय खोडत उत्तर गाठायची सवय. समोर नुसता रिकामा चौकोन आला की हात थिजतो.

भिंतीवरचं टाइमटेबल काढलं. आजपासून रोज आकडेवाले दहा प्रश्न, आधी ते, मग बाकी सगळं. तास मोजायचे नाहीत.

अण्णांना शून्याचा हिशोब दाखवला तर त्यांना माझ्या निकालापेक्षा त्याचाच आनंद झाला. उडदाची आवक चालू आहे, घरी यायला दहा वाजतात, तरी दोनदा समजून घेतला.

६ ऑक्टोबर, रविवार

वर्गातली एक मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार आहे. पहाटे धारा काढून वैरागच्या पुढून एसटीने येते आणि थर्मोडायनॅमिक्सच्या ज्या पायऱ्या मला पाठ कराव्या लागतात त्या ती फळ्याकडे बघत बोलत जाते. तिला जॅमचं सांगितलं. ती म्हणाली, "मला बीएड करायचंय, घरी ठरलंय." मुलींना अर्जाची फी निम्मी आहे हेही सांगितलं. बघते म्हणाली. बघणार नाही हे दोघींनाही कळलं.

मोबाइलवर "हार्ड वर्क नाही, स्मार्ट वर्क करा" म्हणणारे रोज पाच तरी भेटतात. त्यातला एकही हे सांगत नाही की अशी परीक्षा असते हे वेळेवर कळणं हीच सगळ्यात मोठी स्मार्टगिरी, आणि ती कुणाच्या कर्तबगारीवर अवलंबून नसते. माझं काय कर्तृत्व? ब्युरेट धुताना मी सरांच्या शेजारी होते, इतकंच.

२० ऑक्टोबर, रविवार

पैसे भरून घेतलेल्या टेस्ट सिरीजने डोकं फिरवलं. तीन प्रश्नांची उत्तरंच चुकीची. कळवलं तर "थँक यू फॉर रीचिंग आउट". शिवाय प्रश्न नुसते अवघड करायचे म्हणून अवघड. खऱ्या पेपरात बेरीज-वजाबाकी बेताची आणि मेख कल्पनेत असते, यांच्यात उलटं. एक हजार रुपये पाण्यात. परत जुन्या पेपरांकडे.

गेल्या महिन्याभरातल्या चुका आज एका कागदावर काढल्या. आकडेवाल्या भागात एकतीस चुकले होते. मला वाटायचं, मला येत नाही म्हणून चुकतं. प्रत्यक्षात न येणारे नऊच. तेरा ठिकाणी एकक किंवा चिन्ह चुकलेलं. सहा ठिकाणी नॅचरल लॉगऐवजी साधा लॉग, २.३०३ विसरलेला. तिघांत प्रश्नच नीट वाचलेला नाही.

एक तर इतका लाजिरवाणा आहे की लिहूनच ठेवते. डॅनिएल सेल, झिंक आणि तांबं, १.१० व्होल्ट, मुक्त ऊर्जा कितीने कमी होते. अकरावी-बारावीपासूनचा. दोन गुणिले ९६५०० गुणिले १.१०, २१२३००. मी ते टाइप करून टिचकी मारली आणि खूश झाले. प्रश्नात लिहिलं होतं किलोज्यूलमध्ये. २१२.३ हवे होते. आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा सोडवलेलं गणित!

अण्णांना शेतकऱ्याची पट्टी तपासताना लहानपणापासून बघतेय. ते वजन गुणिले भाव पुन्हा करत नाहीत, तिथे कुणी चुकत नाही म्हणतात. त्यांचं बोट थेट खाली जातं, हमाली, तोलाई, बारदान. नवीन पोरगा वजावटीतच चुकतो, त्यांना ठाऊक असतं. आज माझी वजावट मला कळली. उत्तर टाइप करायच्या आधी तीनच गोष्टी बघायच्या: एकक, चिन्ह, लॉग. अख्खं गणित पुन्हा करायचं नाही, त्याला वेळच नसतो.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. आतेभावाने ओवाळणीत त्याचा जुना लॅपटॉप दिला. बॅटरी मेली आहे, प्लग काढला की बंद. माझ्यासाठी सोनं.

लगेच जॅमच्या साइटवरची मॉक टेस्ट उघडली आणि तोंडात मारल्यासारखं झालं. परीक्षेत आपला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचा वापरायचा, तोही माउसने. कीबोर्ड बंदच. आकडासुद्धा पडद्यावरच्या बटणांनीच भरायचा. मोबाइलवर बोटाने वीस सेकंदांत होणारं वर्गमूळ माउसने करायला मला जवळपास मिनीट लागलं, त्यात एकदा भलतंच बटण. अशी वीस गणितं. केमिस्ट्री येऊनही पंधरा मिनिटं माउसमध्ये जातील!

संध्याकाळी अडीचशेचा माउस आणला. आत्या म्हणाली, भाऊबीजेच्या दिवशी उंदीर घेतला पोरीने.

८ डिसेंबर, रविवार

पाचव्या सेमिस्टरच्या धबडग्यात वही राहिलीच होती.

आज एक गोष्ट सोडली. पेरिसायक्लिक रिॲक्शन्स. आमच्या कॉलेजच्या अभ्यासक्रमात त्या नाहीत, जॅमच्या आहेत. मुळापासून शिकायला दोन आठवडे लागतील, येतील एखाद-दोन प्रश्न. त्याच दोन आठवड्यांत कायनेटिक्स आणि कोऑर्डिनेशन पक्कं होतं, शिवाय ते सेमिस्टरलाही उपयोगी पडतं. हिशोबाने निर्णय बरोबर आहे.

तरी झोप आली नाही. कारण खरं सांगायचं तर मला ते वाचायचं होतं. त्यातले वुडवर्ड-हॉफमनचे नियम एकदा एका व्हिडिओत बघितले होते, उष्णता दिली की रेणूची टोकं एका तऱ्हेने वळतात आणि उजेड दिला की दुसऱ्या तऱ्हेने. असं काही असतं हे कळल्यावर त्या रात्री मी उगाच हाताचे तळवे वळवून बघत बसले होते. ज्या विषयाच्या ओढीने पवईला जायचंय, तोच विषय पवईला जाण्यासाठी बाजूला ठेवायचा. याला हुशारी म्हणतात की काय म्हणतात, मला आज तरी ठरवता येत नाही. पाने फाडली नाहीत. रबरबँड लावून कपाटात ठेवलीत.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. काल २०२३चा पेपर सोडवला: ५३.३३. घट फक्त ३.६७. तिळगूळ घेताना अण्णांनी एवढंच विचारलं, "घट किती?"

२ फेब्रुवारी, रविवार, रात्री

एसटीत लिहितेय, अक्षर असंच येणार.

सकाळच्या सत्रात पेपर होता, साडेनऊ ते साडेबारा. काल संध्याकाळीच पुण्याला आलो, अण्णांच्या ओळखीच्या हुंडेकऱ्याकडे राहिलो. त्याच्याकडे रात्रभर ट्रक भरत होते. मी झोपले, अण्णा नाही झोपले.

केंद्रावर गर्दी बघून हबकले. इंग्रजीत भराभर बोलणारी, एकमेकांना ओळखणारी मुलं. एकीच्या हातात पेरिसायक्लिकच्या नोट्स, रंगीत, माझ्या ऑगस्टमधल्या नोट्ससारख्याच. नजर वळवली.

आधी आकडेवाला भाग. माउस अडीचशेवाल्यापेक्षा जड होता, पण हात बसला. एका ठिकाणी उत्तर टाइप करून पुढे जाणार तोच एकक बघितलं. परत आले. दशांश चिन्ह तीन घरं सरकवलं. तेवढ्या एका क्षणासाठी ऑक्टोबरमधली लाज वसूल झाली. दुसऱ्या भागात एकही जागा कोरी ठेवली नाही, चार तर निव्वळ अंदाजाने. पहिल्या भागात मात्र हात आखडता घेतला. शेवटची आठ मिनिटं एका प्रश्नावर बसून राहिले, दोन पर्यायांत. एक लावला. मग काढला. मग परत लावला. दोन खोडले असतील तर लावायचं हे मीच ठरवलं होतं, पण घड्याळ उलटं मोजत असताना आपला नियमही परक्याचा वाटतो.

स्वारगेटला बार्शी गाडी मिळाली, मागची जागा. हडपसरपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. मला वाटलं आता विचारतील, सुटले किती. इंदापूरला गाडी थांबली, चहा घेतला. कप हातात देताना म्हणाले,

"सोडले किती?"

मी म्हटलं, "नऊ."

त्यांनी मान हलवली, चहा संपवला, गाडीत बसले आणि टेंभुर्णी यायच्या आत घोरायला लागले.

उद्या प्रॅक्टिकलचं जर्नल द्यायचंय. चार प्रयोग अजून कोरे आहेत.