आमची वाटचाल : काढलेला बर्फ टाकायचा कुठे?

आमच्या कामाला यंदा अकरावा हिवाळा. घरांसमोरचे, गोदामांसमोरचे मोठे ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून दारापर्यंतच्या गाडीच्या वाटा, बर्फ पडला की साफ करून द्यायचे हे आमचं काम, मी, माझा नवरा आणि सीझनपुरती येणारी तीन मुलं एवढीच आमची फर्म. दर वर्षी थंडी तोंडावर आली की फोन सुरू होतात, ड्राइव्हवे मोठा आहे हो, ब्लोअर (बर्फ उडवून लांब फेकणारं मशीन) घेऊ का ट्रॅक्टर घेऊ का कुणालातरी कामच देऊन टाकू. प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा आम्ही कसे शिकत गेलो तेच लिहिते.

सुरुवात फावड्याने झाली. दोघंही नोकरी करत होतो आणि पहाटे उठून शेजारच्या दोन घरांचं अंगण मोकळं करून द्यायचो. दोन गाड्यांपुरती जागा असेल तर फावडंच बरं, हे माझं आजही मत आहे. पण मग एका आजोबांनी विचारलं की माझा रस्त्यापासून घरापर्यंत 60 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद खडीचा ड्राइव्हवे आहे, कराल का, आणि आम्ही हुरूपाने हो म्हणून बसलो. पहिल्याच खेपेला 15 सेंटीमीटर पडला होता. दुपारपर्यंत उपसत होतो, घरी आल्यावर मला स्वेटर डोक्यावरून काढता येईना इतके खांदे भरून आले होते. नवऱ्याने वही काढून हिशोब मांडला, 240 चौरस मीटर गुणिले 15 सेंटीमीटर म्हणजे 36 घनमीटर, ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला 100 किलो धरला तरी साडेतीन टनांच्या वर. ओला जड बर्फ 300 किलोच्याही पुढे जातो, म्हणजे तेवढ्याच उंचीचे दहा टन. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यात श्वास रोखून वजन उचललं की बीपी चढतं, म्हणून ज्यांना हार्टचा काही त्रास आहे त्यांना मी हात जोडून सांगते की मोठ्या ड्राइव्हवेवर फावडं घेऊन उतरूच नका.

मग एक सेकंडहँड ब्लोअर घेतला, सिंगल स्टेजवाला, म्हणजे एकच फिरणारा भाग बर्फ उचलतो आणि फेकतोही. हलका, सुरू करायला सोपा, किंमतही परवडली. पण त्याची रबराची पाती जमिनीला घासून फिरतात, म्हणून डांबरावर किंवा काँक्रीटवर तो तळापर्यंत छान साफ करतो आणि खडीवर नेला की खडीच उचलून फेकतो. आजोबांच्या गॅरेजच्या दारावर खडे ताडताड आपटले तेव्हा हे आम्हाला कळलं. दार बदलून दिलं आणि टू स्टेज मशीन घेतलं. यात पुढचं ऑगर, म्हणजे मळसूत्री पातं, बर्फ फोडून आत ओढतं आणि मागचा इम्पेलर, म्हणजे पंख्यासारखं चाक, तो च्यूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, लांब भिरकावतो. बाजूला स्किड शू, म्हणजे जमिनीवर घसरणाऱ्या पट्ट्या असतात, ते खाली सरकवले की तोंड जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर उचललेलं राहतं आणि खडी जागेवर राहते. खडीच्या ड्राइव्हवेवर तळाला बर्फाचा पातळ थर राहू द्यायचा, तो दाबून घट्ट झाला की वरून चालतं सगळं. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर अर्धवट काम केलं असं वाटतं त्यांना.

शिअर पिनचं सांगायलाच हवं. ऑगरमध्ये दगड, गोठलेली दोरी, काहीही अडकलं की ही मऊ धातूची पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो, तेवढ्याचसाठी ती असते. आमच्या एका मुलाने पिना संपल्या म्हणून घरातला साधा दणकट बोल्ट घातला, मनात काही वाईट नव्हतं त्याच्या, काम थांबू नये एवढंच. पुढच्या दगडाला बोल्ट तुटला नाही, गिअरबॉक्स गेला, तोही ऐन बर्फात. तेव्हापासून प्रत्येक मशीनच्या हँडलला चार पिनांची पिशवी बांधलेली असते.

आणि च्यूट तुंबलं तर हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी नाही. अडकलेल्या बर्फामुळे इम्पेलरवर ताण राहिलेला असतो आणि बर्फ मोकळा झाला की तो झटक्यात फिरतो. नवऱ्याचा ग्लोव्ह असाच आत ओढला गेला, बोटं वाचली ती ग्लोव्ह ढगळ होता म्हणून. मशीनबरोबर प्लॅस्टिकची काठी येते, तीच वापरायची.

तिसऱ्या वर्षी कामं वाढली तेव्हा पिकअप घेऊन पुढे प्लाउ, म्हणजे बर्फ ढकलायचं रुंद पातं, लावला. काय सांगू, ब्लोअरने दीड तास लागायचा ते काम पंधरा मिनिटांत! आम्हाला वाटलं आता कशाचीच चिंता नाही. बर्फ ढकलायचा, कडेला सारायचा, पुढच्या घरी जायचं. अर्धा हिवाळा असाच गेला. मग एक दिवस आजोबांचा फोन आला, हीटिंगच्या तेलाचा टँकर आत येत नाहीये. जाऊन बघते तर ते दोन्ही हात पसरून ड्राइव्हवेच्या मधोमध उभे, माझ्याकडे बघून म्हणाले, पोरी, आता एवढाच उरलाय. दोन्ही बाजूचे ढिगारे प्रत्येक खेपेला थोडे थोडे आत सरकले होते आणि दगडासारखे गोठले होते, प्लाउने धडक मारली तर पिकअपच मागे येत होती. घरात तेल संपत आलेलं, बाहेर कडाक्याची थंडी. रात्री उशिरापर्यंत पहारी आणि ब्लोअर घेऊन कडा फोडल्या तेव्हा सकाळी टँकर आत गेला.

त्या रात्रीने आमचा धंदा बदलला असं मी म्हणते. आम्ही मशीनचाच विचार करत होतो आणि बर्फ जाणार कुठे हा प्रश्नच विचारला नव्हता. प्लाउ बर्फ फक्त सरकवतो, त्याला शेवटी जागा लागते. जागा असेल तर प्लाउसारखं स्वस्त आणि झटपट काही नाही, फक्त पहिल्या दोन-तीन बर्फांना गरजेपेक्षा चांगला मीटर-दीड मीटर जास्त मागे ढकलून ठेवायचा, कारण नंतर ती कड हलत नाही. दोन्ही बाजूला झाडं, भिंत, कुंपण असेल तर मात्र फेकणारं मशीनच हवं. कॅनडात क्युबेकच्या आर्थर सिकार यांनी 1925 मध्ये पहिला स्नोब्लोअर बांधला तो ट्रकवर बसवून, तेव्हापासून ब्लोअरचा फायदा हाच, ढीग कडेला साचत नाही.

वाऱ्याचंही तेच. उघड्या माळावरच्या ड्राइव्हवेला प्लाउने दोन्हीकडे बांध घातले की पुढच्या वाऱ्यात उडता बर्फ त्या बांधांच्या मधेच येऊन बसतो, साफ केल्यावर दोन तासांत पुन्हा भरलेला. तिथे आम्ही आता ट्रॅक्टरवरचा ब्लोअर नेतो, पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या दांड्यावर, मिनिटाला 540 फेऱ्यांनी चालणारा. ताकद भरपूर, पण मागे जोडलेला असेल तर सगळं काम रिव्हर्समध्ये, मान वळवून वळवून दुखून येते. पुढे जोडायचा महाग पडतो, तरी रोज वापरणाऱ्याने तोच घ्यावा, मानेचे पैसे कोण भरून देणार. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आधीपासून आहे त्यांनी तर दुसरं काही बघूच नये.

रस्ता साफ करणारी मोठी गाडी गेली की ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध पडतो तो मिठासकट ओला असतो आणि तासाभरात घट्ट होतो. लोक मशीन निवडताना मधला मऊ बर्फ डोळ्यासमोर ठेवतात, मी म्हणते हा बांध डोळ्यासमोर ठेवा. लहान मशीन त्याच्यावर चढतं, आत शिरत नाही.

मिठाबद्दल थोडंच. साधं मीठ उणे 9 अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, कॅल्शियम क्लोराइड बरंच खालपर्यंत करतं, नव्या काँक्रीटवर मात्र दोन्हींपासून जपून. आणि जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालायचं लोक विचारतात, 60 मीटरला मी कधीच सुचवलेलं नाही, उताराच्या एखाद्या अवघड तुकड्यापुरतं ठीक आहे.

आता नवीन गिऱ्हाईक आलं की आम्ही जमीन गोठायच्या आधी जातो, मशीन न नेता. सोबत काठ्यांचा भारा. ड्राइव्हवेवर चालत चालत विचारतो, वारा कुठून येतो, टँकर वळतो कुठे, फुलझाडं कुठे पुरली आहेत, बर्फ कुठे टाकला तर चालेल आणि वितळल्यावर पाणी घराकडे तर येणार नाही ना. मग दोन्ही कडांना काठ्या ठोकतो, कारण बर्फ पडल्यावर कड दिसत नाही आणि जमीन गोठल्यावर काठी आत जात नाही. आजोबांकडे यंदाच्या काठ्या मागच्या रविवारी ठोकून झाल्या, टँकरच्या वळणाला दोन जास्त.