पाणी येईपर्यंत

४ मे, रात्री साडेबारा

पाण्याचा पाचवा दिवस. म्हणजे आज रात्री येणार. एकला की साडेतीनला, ते त्या पाण्यालाच माहीत. खाली पंखा गरम वारा ढवळत बसलाय, म्हणून गच्चीवर सतरंजी टाकून पडलेय. ह्यांची उद्या सकाळची पाळी, तेव्हा नळाची पाळी माझ्याकडे.

पूर्वी अशा रात्री पुस्तक घेऊन बसायचे. पण दिवसभर टॉवेलच्या ऑर्डरींचे आकडे बघायचे, डझन किती, जीएसएम म्हणजे कापडाचं वजन किती, पेट्या किती, आणि रात्री पुन्हा बारीक अक्षर? डोळे चुरचुरतात. शिवाय गच्चीवर दिवा लावला की किडे. म्हणून गड्ड्याची जत्रा संपल्यावर कधीतरी फोनवर पुस्तकं ऐकायला सुरुवात केली. एक कान पुस्तकाला, एक कान नळाला. सुरुवातीला दोन्ही कानांत इअरफोन घातले होते, तर पाणी येऊन गेलेलं कळलंच नाही. तेव्हापासून हा नियम.

सध्या ‘श्यामची आई’ चालू आहे. शाळेत असताना दोन दिवसांत फडशा पाडला होता. रडून झालं, पुस्तक परत केलं. आता वाटतं, तेव्हा घाईच केली. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याला प्रकरणं नाहीतच, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा ४२. आश्रमात प्रार्थना झाली की श्याम आईची एक आठवण सांगतो, मंडळी ऐकतात आणि झोपायला जातात. किती ऐकायचं ते लिहिणाऱ्यानंच ठरवून दिलंय, आपणच बसल्या बैठकीला दहा-दहा रात्री गिळल्या. मी आता पाण्याच्या रात्री एकच ऐकते. पाच दिवसांनी एक या हिशेबानं सात महिने लागतील. लागू देत.

आणखी एक. छापील पुस्तकात उपदेश आला की डोळा गुपचूप पुढच्या परिच्छेदावर जातो. कानाला ती सोय नाही. पण गंमत म्हणजे ऐकताना तो उपदेश तेवढा टोचत नाही. समोर माणूस बसलेला असला की त्याच्या चार जास्तीच्या गोष्टीही आपण ऐकून घेतोच ना, तसं.

पाणी आलं. दोन वाजून दहा मिनिटं.

६ मे

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून ‘मृत्युंजय’ लावलं. दोन संध्याकाळी ऐकलं, बंद केलं. पुस्तकाचा दोष नाही, कानाचा आहे. त्यात सहा जण बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण. प्रत्येक जण ‘मी’. छापील पुस्तकात वर नाव असतं, आपण दोन पानं मागे जाऊन खात्री करून येतो. इथे मी कणीक मळत होते, मध्ये कुकरची शिट्टी झाली, आणि पुढची दहा मिनिटं हा ‘मी’ नक्की कोण हे कळेना. कणकेच्या हातानं मागे तरी कसं घेणार?

सहा आवाज असते तर कदाचित जमलं असतं. सध्या तरी कपाटातलं जाडजूड पुस्तकच बरं.

९ मे, पहाटेचे तीन

पाणी अजून नाही. झोप मात्र आली होती, ती मिरासदारांनी घालवली.

द. मा. मिरासदार जन्मले आपल्या अकलूजला, वाढले पंढरपुरात. म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे, हे सोलापुरात किती जणांना माहीत असेल देव जाणे. ते, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर असे तिघे गावोगाव कथाकथनं करत हिंडले. त्यांच्या गोष्टी मी आधी वाचल्या होत्या, हसलेही होते. पण आज त्यांच्याच आवाजात ‘माझ्या बापाची पेंड’ ऐकली आणि तोंडावर पदर धरून हसावं लागलं, कारण शेजारच्या गच्चीवर माणसं झोपलेली. विनोद शब्दात कमी, थांबण्यात जास्त. कागदावर ते थांबणं कसं छापणार? फार तर तीन टिंबं.

पुलंचं म्हणाल तर ते आता उलट्या बाजूनं अवघड होऊन बसलंय. ‘व्यक्ती आणि वल्ली’ उघडलं की अंतू बर्वा पुलंच्याच आवाजात बोलायला लागतो. आमच्या घरी कॅसेट होती, ती झिजेपर्यंत वाजवलेली. मला माझा स्वतःचा अंतू बर्वा कधी मिळालाच नाही. याचं दुःख करावं की नाही ते ठरत नाही. बहुधा नाही.

पण मूळ लेखकाचा आवाज नसला की खरी पंचाईत. काल एक ग्रामीण कादंबरी लावली होती. वाचणारा आवाज स्वच्छ, गोल, बातम्या द्यायला उत्तम. त्यात एक म्हातारा म्हणतो, “न्हाय जमायचं बघ.” तो आवाज ते असं म्हणाला, जणू म्हाताऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ‘न्हाय’ म्हटलं. आम्ही सोलापूरची माणसं. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात कानडी, रिक्षात दखनी, त्यामुळे आमचे कान हेल पटकन पकडतात. खोटा हेल तर त्याहून पटकन. पाच मिनिटांत बंद केलं. अशी पुस्तकं आपापल्या मनातल्या आवाजात वाचलेली बरी.

साडेतीन. आलं एकदाचं.

११ मे

सासरे दुपारी विचारत होते, “कानात सारखं काय घातलेलं असतं?” मी मोठ्यानं सांगितलं. पुन्हा सांगितलं. मग जवळ जाऊन सांगितलं. तीस वर्षं मागावर गेली त्यांची. कारखान्यात खटखट अशी की बाजूच्या माणसाशी हातवारे करूनच बोलायचं. त्यात कान गेले. कामगार विम्याच्या हिशेबात कानांचं काही धरलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ते भिंग घेऊन ‘संचार’ पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. सध्या मी त्यांना ‘बनगरवाडी’ दिलीय. १९५५ ची, हातात मावेल एवढी कादंबरी. मीही ती ऐकायला गेले नाही आणि जाणार नाही. तरणा मास्तर अंधारात उठून एकटाच माणदेशाच्या माळावरून चालत निघतो, तिथे दुसऱ्या कुणाचा आवाज मला नकोच. सांगोल्याकडे एसटीनं जाताना तो माळ खिडकीतून बघितलाय. तिथे वारा सोडून काही बोलत नाही. सासरे पान उलटतात, भिंग खाली ठेवतात, थोडा वेळ बाहेर बघत बसतात. तसंच वाचायचं पुस्तक आहे ते.

कवितांचंही तेच. मर्ढेकर कानात घालून पोळ्या लाटता येत नाहीत. पोळी तरी करपते नाही तर मर्ढेकर.

१४ मे

आज पाणी संध्याकाळीच आलं, नवलच. त्यामुळे रात्र मोकळी होती आणि अक्का वर आल्या, विड्यांचं सूप घेऊन.

अक्का खालच्या मजल्यावर राहतात. मूळच्या शहराच्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलतात. मराठी फाडफाड बोलतात, वाचता मात्र येत नाही. चाळीसेक वर्षं विड्या वळतायत. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, जर्दा, दोऱ्याचं रीळ. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं असते, त्यामुळे बोटं थांबवून चालत नाही. डोळेसुद्धा सुपात लागत नाहीत त्यांचे, बोटंच बघतात.

मी इअरफोन काढून फोनचा स्पीकर लावला. “काय ऐकूलालीस गं?” म्हणाल्या. म्हटलं, पुस्तक. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, “असं होय. पोथी लावलीस म्हण की.”

पोथीच! श्रावणात आमच्या आजीकडे एक जण वाचायचा आणि अख्खी आळी ऐकायची. वाती वळत, शेंगा फोडत. त्यात कुणाला वाचता येतं नि कुणाला नाही, हा प्रश्नच नसायचा.

मग मी अक्कांना क्यूबाची गोष्ट सांगितली, मागे कुठेतरी वाचलेली. तिथल्या सिगार वळायच्या कारखान्यात कामगारांना वाचून दाखवायला एक माणूस असतो. १८६५ साली हवानात हे सुरू झालं. तो उंच जागी बसून आधी वर्तमानपत्र वाचायचा, मग कादंबरी. आणि त्याचा पगार मालक नाही, कामगारच वर्गणी काढून द्यायचे. कुठली कादंबरी वाचायची तेही तेच ठरवायचे. मालकांना आणि सरकारला या वाचनाची भीती वाटायची, मधूनमधून बंदीही आली.

अक्कांनी एक विडी बांधली, दोरा तोडला. “वर्गणी किती घ्यायचे?”

ते मला ठाऊक नव्हतं. “आमच्यात असता तर,” अक्का म्हणाल्या, “कारखानदारानं वाचणाऱ्याच्या पण विड्या मोजल्या असत्या.”

१९ मे, रात्र

पाचवा दिवस. आज दिवसा ४३ अंश. सासरे सुद्धा गच्चीवर. अक्का साडेदहालाच सूप घेऊन आल्या. “लाव पोथी,” म्हणाल्या. ‘श्यामची आई’ मधूनच कशी लावणार? म्हणून त्यांच्यासाठी नवीन काढलं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’.

हे पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं होतं, परीक्षेपुरतं. पहिला भाग १९३४ चा. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. लिहिणं-वाचणं शिकल्या ते लग्नानंतर, नवऱ्याकडून, म्हणजे कवी ना. वा. टिळकांकडून, तेही अडखळत-धडपडत. म्हणूनच की काय, त्यांचं वाक्य लिहिलेल्या वाक्यासारखं वागतच नाही. ते पाट मांडून समोर बसतं. टिळक न सांगता घरातून निघून जायचे, मग ख्रिस्ती झाले, केवढं मोठं संकट. आणि ही बाई ते सांगताना हसवते. परीक्षेला मी यावर ‘प्रांजळपणा’ असा एक शब्द लिहून मार्क मिळवले होते. ऐकताना कळलं, प्रांजळपणा वगैरे नंतर. आधी ती बाई गप्पिष्ट आहे.

कुणी विचारलं की वाचायच्या ऐवजी ऐकावं असं एकच पुस्तक सांग, तर मी आता हेच सांगेन. वाचणारीचा आवाजही चांगला मिळालाय. मध्यमवयीन, घाई नाही, नाटक नाही.

पाऊण वाजता खालून नळाची फुरफुर ऐकू आली. फोन तसाच चालू टाकून मी पळाले. पिंप, बादल्या, कळशा, मग टाकी, नंतर सासऱ्यांच्या तांब्यापर्यंत सगळं भरलं. तासभर गेला. वर येते तर गोष्ट कितीतरी पुढे गेलेली. मागे घ्यायला हात पुढे केला तर अक्का म्हणाल्या, “राहू दे, मी सांगते की.”

आणि त्यांनी सांगितलं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं. घरात येईल ती गोष्ट धुवायची. हे धू, ते धू. घरच्या बायकांचे हाल. अक्कांनी वडिलांचा आवाज काढला, मग आईचा काढला. सुपातली बोटं चालूच. सासऱ्यांना ऐकू जात नव्हतं, तरी ते अक्कांच्या तोंडाकडे बघून हसत होते.

मग अक्का थांबल्या. माझ्या भिजलेल्या साडीकडे आणि काठोकाठ भरलेल्या बादलीकडे बघितलं.

“सगळं धुवायचे म्हणे,” त्या म्हणाल्या. “एवढं पाणी कुठनं आणूलाले होते गं ते?”