विहिरीच्या मलब्यातला चमकणारा दगड आणि त्याची टेस्ट, माझा अनुभव

मागच्या उन्हाळ्यात पवनीकडे मामांच्या वावरात विहीर खोदत होते, त्या मलब्यात मला हा दगड सापडला. पांढरी गारगोटी आणि तिच्यात पिवळे चमकणारे चौकोनी दाणे, मुठीएवढाच पण हातात घेतला की जड लागायचा. मामा म्हणाले, "बापू, सोनंच हाय हे, कोणाले सांगू नको." आणि नागपूर-भंडाऱ्याच्या साकोली पट्ट्यातल्या खडकांत सोन्याच्या खुणा खरंच मिळाल्यात, त्यामुळे माझीही झोप उडाली.

आधी घरीच सुरुवात केली. वजन 412 ग्रॅम, दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवून मोजलं तर 284, म्हणजे पाण्यात वजन 128 ने घटलं, 412 भागिले 128, घनता पाण्याच्या साधारण 3.2 पट. नुसती गारगोटी 2.65 असते, म्हणजे आत काहीतरी जड आहे हे नक्की, पण ते 5 घनतेचं पायराइट (सोन्यासारखं चमकणारं लोखंड-गंधकाचं खनिज) भरपूर आहे की 19.3 चं सोनं थोडंसं आहे हे या आकड्यावरून कळतच नाही, इथे बरेच जण फसतात.

मग एक दाणा सुटा केला. चाकूच्या टोकाने ओरखडा पडेना, हातोडीने ठोकला तर चपटा न होता भुगा झाला आणि फटाक्यासारखा गंधकाचा वास आला. सोनं मऊ असतं, ते पसरतं. टाइल्सच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासला तर हिरवट काळी रेघ, सोन्याची रेघ पिवळीच येते.

तरी मामांच्या समाधानासाठी एका दागिन्यांच्या दुकानात दगड एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरण मारून धातू ओळखणारं यंत्र) ठेवला आणि स्क्रीनवर आलं सोनं 2 टक्के!! मामांचे डोळे भरून आले हो. मला मात्र पटेना, घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ते मशीन दागिन्यांच्या धातूसाठी सेट केलेलं असतं, फक्त वरचा थर बघतं आणि सापडलेले धातूच मिळून 100 टक्के धरतं, दगडातलं सिलिका (गारगोटी ज्याची बनते ते), गंधक त्याच्या हिशोबातच नाही. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं, याचा मला अजून राग आहे.

शेवटी नागपूरच्या एका खाजगी लॅबमध्ये ‘फायर ॲसे’ म्हणजे भट्टीत वितळवून सोनं मोजायची टेस्ट करायला अर्धा दगड दिला. तो दळून त्यातली 30 ग्रॅम पूड शिशाचा ऑक्साइड, सोडा, बोरॅक्स घालून भट्टीत वितळवतात, सोनं-चांदी शिशात उतरते, मग हाडांच्या राखेच्या वाटीत ते तापवलं की शिसं वाटी शोषून घेते आणि मागे बारीक मणी उरतो, नायट्रिक ॲसिडने त्यातली चांदी काढली की उरलं ते सोनं. आमचा रिझल्ट टनाला 0.4 ग्रॅम. म्हणजे अख्ख्या दगडात एक मिलिग्रॅमचा सहावा भागसुद्धा नीट भरत नाही.

मामांना फोनवर सांगताना जड गेलं, ते एवढंच म्हणाले, "पाणी तं लागलं ना विहिरीले." उरलेला अर्धा दगड त्यांनी देवघराशेजारी ठेवलाय, पावसाळ्यात पायराइटला दमट हवा लागून खाली तांबूस डाग पडायला लागला म्हणून मी तो आता घट्ट झाकणाच्या बरणीत भरून दिलाय.