दक्षिणेच्या पैशामागे एक शनिवार: तळेगाव ते येरवडा

बाबा गावाहून आले की दोन दिवसांत कंटाळतात, तिसऱ्या दिवशी "अगं कुठंतरी चल ना" सुरू होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तर होते, त्यामुळे मॉल वगैरे त्यांना नकोच असतं. मग मीच म्हटलं बाबा, एक पैसा पकडू आणि तो कुठून कुठे गेला ते बघत फिरू. पैसा कुठला, तर पेशव्यांची दक्षिणा. पुण्यात सरकारी पैशातून चालणारं पहिलं कॉलेज याच पैशातून निघालं.

सकाळी लवकर तळेगाव दाभाडे. दक्षिणा म्हटलं की सगळे पेशवे म्हणतात पण सुरुवात इथे, सेनापती खंडेराव दाभाड्यांनी केली, श्रावणात विद्वान ब्राह्मणांना पैसे वाटायचे. बनेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. शांत जागा, आम्ही गेलो तेव्हा एक आजी फुलं वाहत होत्या आणि एक कुत्रं मस्त झोपलं होतं, बास. 1729 ला खंडेराव गेले, 1731 ला डभईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्र्यंबकराव पहिल्या बाजीरावाच्या फौजेसमोर मारला गेला आणि दाभाड्यांचं बळ संपल्यावर दक्षिणा पुण्याला पेशव्यांकडे आली. म्हणजे ज्याला हरवलं त्याचंच दानधर्माचं खातं पुढे चालवायचं! बाबा म्हणाले राजकारण तेव्हापण असंच होतं गं.

तिथून लोकलने शिवाजीनगर, मग मेट्रोने मंडई. बाबांची मेट्रोची पहिलीच वेळ, सरकत्या जिन्यावर पाय टाकायला तीन जिने सोडले, चौथ्यावर चढले. मंडईत बाहेर आलो आणि आधी पोहे खाल्ले, त्याचं वर्णन करत नाही, पोहे पोह्यांसारखेच होते.

मग विश्रामबागवाडा. लाकडी कोरीव कामाची ती दर्शनी बाजू मी शंभर वेळा स्कूटीवरून बघितलीय, ट्रॅफिकमध्ये अडकून. थांबून बघितली ती पहिल्यांदाच. दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा राहायला बांधला, त्याच्या काळात श्रावणात पर्वतीच्या पायथ्याला रमण्यात, म्हणजे भिंत घातलेल्या मोठ्या आवारात, ब्राह्मण जमायचे आणि लाखांनी रुपये वाटले जायचे. 1818 ला पेशवाई गेली. आता इंग्रजांपुढे प्रश्न, हे दान एकदम बंद केलं तर पुणं पेटेल आणि चालू ठेवलं तर तिजोरी रिकामी. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टन हुशार माणूस, त्याने मधला रस्ता काढला, रक्कम कमी करायची आणि तिचा एक भाग शिकवण्याकडे वळवायचा. म्हणून 6 ऑक्टोबर 1821 ला कमिशनर चॅपलिनच्या हातून याच वाड्यात हिंदू कॉलेज सुरू झालं, लोक त्याला संस्कृत पाठशाळाच म्हणायचे. शिकवायला शास्त्री, शिकायला फक्त ब्राह्मण मुलं, आणि त्यांना उलट पैसे मिळायचे शिकण्याचे.

बाबा तिथे चौकात उभं राहून म्हणाले, "म्हणजे दानाचं नाव बदलून अनुदान झालं." मला हे वाक्य फार आवडलं पण मी तोंडावर बोलले नाही, नाहीतर दिवसभर तेच.

तसं कंपनी सरकारच्या 1813 च्या कायद्यात भारतातल्या शिक्षणासाठी वर्षाला निदान एक लाख रुपये ठेवा असं लिहिलं होतंच. अख्ख्या देशाला एक लाख! आणि तेसुद्धा पहिली दहा वर्षं जवळपास खर्चच झाले नाहीत. कागदावर तरतूद आणि हातात काही नाही, ही पद्धत किती जुनी आहे बघा (बाबांच्या शाळेचं छत बारा वर्षं मंजूर होतं).

आता खरी मजा पुढे. 1849 च्या आसपास लोकहितवादी आणि काही तरुण मंडळींनी अर्ज केला की दक्षिणेतला काही पैसा मराठीत चांगली पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्या. सनातनी लोक खवळले, अर्ज देणाऱ्यांना मारायचीच भाषा सुरू झाली. तेव्हा ज्योतिराव फुले खालच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींतली दोनेकशे कष्टकरी माणसं घेऊन संरक्षणाला उभे राहिले. म्हणजे बघा, ज्या पैशातला एक रुपया या लोकांच्या घरी कधी जाणार नव्हता त्या पैशाच्या भांडणात पहारा त्यांनी दिला. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी झाली, मराठी पुस्तकांना बक्षिसं सुरू झाली.

वाड्यातून चालत भिडेवाड्याकडे गेलो, दगडूशेठच्या समोर. 1848 ला फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती जागा. वाडा आता नाही, डिसेंबर 2023 मध्ये पाडला, स्मारक करायचंय म्हणून. समोर दर्शनाची रांग आणि इकडे पत्रे लावलेले. बाबांनी तिथे चप्पल काढली आणि दोन मिनिटं उभे राहिले, मागून एक जण "काका सरका ना बाजूला" म्हणाला. असो.

फुल्यांच्या मुलींच्या शाळांना सरकारकडून महिन्याला 75 रुपये मिळू लागले ते याच दक्षिणा फंडातून. आणि 16 नोव्हेंबर 1852 ला इंग्रज शिक्षणाधिकारी मेजर कँडी याने फुल्यांचा जाहीर सत्कार केला, कुठे, तर विश्रामबागवाड्यात! एकतीस वर्षांपूर्वी जिथे एकाच जातीच्या मुलांसाठी पाठशाळा उघडली होती त्याच वाड्यात माळ्याच्या मुलाच्या अंगावर शाल, कारण त्याने मुली आणि महार-मांगांची पोरं शिकवली. मी हे सांगताना बाबा गप्प होते, नंतर म्हणाले "परत एकदा जाऊन येऊ का वाड्यात?" परत गेलो.

1854 मध्ये वुडचा खलिता, म्हणजे कंपनी सरकारचं शिक्षण धोरण, आला आणि मग खाजगी शाळांना ग्रँट-इन-एड, म्हणजे सरकारी अनुदान, वगैरे नियमात बसलं, ते परीक्षेपुरतं सगळ्यांना पाठ असतं.

रिक्षाने गंज पेठ, फुलेवाडा. विहीर बघितली, 1868 मध्ये अस्पृश्यांना खुली केलेली. 1882 ला शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे फुल्यांनी निवेदन दिलं ते मला या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात धारदार वाटतं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, लोकल फंडातला निदान अर्धा पैसा त्यावर लावा असं त्यांनी मागितलं. लोकल फंड म्हणजे शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा, त्यातला तिसरा हिस्सा शाळांना.

"लोकल फंड!" बाबा एकदम मोठ्याने. "आमचे आजोबा म्हणायचे, लोकल बोर्डाची शाळा. मी त्याच शाळेत शिकलो, आम्हाला वाटायचं बोर्ड म्हणजे फळा." वॉचमनसुद्धा हसला.

शेवटी येरवड्याला डेक्कन कॉलेज, पोचायला चार वाजले. ते 1821 चं कॉलेज पुढे सगळ्यांना खुलं झालं, पूना कॉलेज झालं आणि 1868 मध्ये इथे दगडी इमारतीत आलं, मुंबईचे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी देणगी घेऊन. टिळक, आगरकर इथलेच. दक्षिणेचा उरलेला पैसा तोवर दक्षिणा फेलोशिप, म्हणजे हुशार विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, झाला होता, भांडारकर, रानडे असे लोक दक्षिणा फेलो होते. पुढे 1934 मध्ये सरकारने खर्च वाचवायला हे कॉलेज बंदच केलं, माजी विद्यार्थी कोर्टात गेले आणि 1939 मध्ये संशोधन संस्था म्हणून परत सुरू झालं.

झाडाखाली बाकावर बसून चहा घेताना बाबांनी विचारलं, तुझ्या घरपट्टीत शिक्षण कर येतो का गं? मी कधी बघितलंच नव्हतं, रक्कम बघते आणि भरते. फोनवर बिल उघडलं तर होता, वेगळ्या ओळीत. बाबांनी चष्मा वर करून आकडा वाचला, मग म्हणाले, "चल, साडेपाचची बस मिळाली तर बरं."